सोमवारपर्यंत मुक्काम

वैदेहीचा जगात सगळ्यात जास्त राग कुणावर असेल, तर उगाच एंटर मारत सुटणाऱ्या माणसांवर. नवऱ्यावरचा राग रात्रीच्या भाकरीपर्यंत उतरायचा. एंटरवाल्यांवरचा राग मात्र ती घरी घेऊन जायची आणि सकाळी डब्याबरोबर परत दुकानात आणायची.

दुकान म्हणजे नवी पेठेत एका कापडवाल्याच्या माडीवर शिवयोगी मालकांची कार्डांची छपाई. लग्न, बारसं, वास्तुशांत, दशक्रिया, सगळं तिथं छापून मिळायचं आणि सगळं वैदेहीच्या बोटांखालून जायचं. हल्ली गिऱ्हाईक हुशार झालेलं. मॅटर घरूनच टाइप करून आणतं, पेनड्राइव्ह टेबलावर ठेवतं आणि वर सांगतं, "तुम्हाला काही करायला नको मॅडम, सगळं रेडी आहे." रेडी कसलं डोंबलाचं! दोन परिच्छेदांत अंतर हवं असेल तर ते परिच्छेदालाच देऊन ठेवायची सोय असते. एकदा आकडा टाकला की काम संपलं. पण नाही. हे लोक एंटरवर एंटर मारून जागा करणार. मग अक्षर जरा मोठं केलं की सगळं खाली घसरायचं आणि नवरीच्या मामाचं नाव 'कृपया आहेर आणू नये'च्या पायाशी जाऊन बसायचं. मामा दुकानात येऊन भांडायचा तो वैदेहीशी.

म्हणून कुठलीही फाइल उघडली की ती आधी वरच्या पट्टीतल्या त्या उलट्या पीसारख्या खुणेवर टिचकी मारायची. ती दाबली की कागदावर कधीच न उमटणारं सगळं पडद्यावर उमटतं. एंटर मारला तिथं उलटा पी, जागा सोडली तिथं बारीक ठिपका, टॅब मारला तिथं बाण. टाइप करणारा रीतसर शिकलेला होता की एका बोटानं ठोकत बसला होता, सरळ होता की कामचुकार, हे वैदेहीला त्या खुणांवरून कळायचं. तिला ते आवडायचंही. लोकांच्या घरी न जाता त्यांच्या घरात डोकावल्यासारखं वाटायचं. त्या मंगळवारी मात्र तिला वाटलं, ती खूण आपण दाबलीच नसती तर बरं झालं असतं.

पेनड्राइव्ह घेऊन आलेल्या माणसाचं नाव उदयसिंह. पन्नाशीच्या आतबाहेरचा, कुठल्याशा सरकारी कचेरीत साहेब, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीला पाठ न टेकवणारा. मूळ गाव माळशिरसकडचं, पण वडलांच्या वेळेपासून सगळे सोलापुरातच.

"वडलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे," तो म्हणाला. "येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. मॅटर मीच घरी टाइप केलंय. फोटोपण आत आहे. गुरुवारपर्यंत प्रूफ देता का?"

"घरचाच कार्यक्रम की बाहेरची लोकंही?" वैदेहीनं कार्डांचा अंदाज घ्यायला विचारलं.

"सगळेच. भाऊ बंगळूरहून येतोय, बहीण कॅनडातून. आई गेल्यापासून आम्ही तिघं एका छताखाली आलोच नाही बघा. आप्पांनीच हट्ट धरला, की तिघंही पाहिजेत, न्हायतर कार्यक्रम नको." बोलता बोलता त्याचं कचेरीतलं मराठी सुटलं आणि तो स्वतःशीच हसला. माणूस वाईट वाटला नाही तिला. पुढचा सगळा घोळ त्यामुळंच जास्त झोंबला.

तो गेल्यावर तिनं फाइल उघडली. वर मध्यभागी आप्पांचा फोटो, फेट्यातला, गंभीर. खाली निमंत्रण. आणि काय आश्चर्य, मॅटर स्वच्छ! परिच्छेदांना रीतसर अंतर दिलेलं, एक एंटर जास्त नाही. साहेबाला नमस्कारच करावा असं तिच्या मनात आलं. फक्त एका ठिकाणी घोळ होता. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' या ओळीनंतर पानावर एक मोठं भगदाड होतं, आणि त्याच्याखाली निमंत्रकांची नावं. एवढं शिस्तीत टाइप करणाऱ्यानं इथंच का एंटर मारत बसावं?

तिनं उलटा पी दाबला.

भगदाड भरलं. रिकाम्या जागेत ओळी उभ्या राहिल्या, प्रत्येक ओळीखाली ठिपक्यांची बारीक रेघ. ही रेघ वैदेहीला माहीत होती. शब्द लपवून ठेवायची सोय असते, हिडन म्हणतात तिला. मजकूर फाइलमध्ये असतो, पण पडद्यावर दिसत नाही, छापतानाही येत नाही. ज्यानं हे केलं त्यानं एकेक ओळ धरून शब्द तेवढे लपवले होते. ओळींच्या शेवटचे एंटर लपवायचे राहून गेले होते, म्हणून ती जागा पानावर मोकळी दिसत होती.

तिनं वाचलं.

'दुःखद निधन. आमचे वडील आप्पासाहेब यांचे सोमवारी पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले. दशक्रिया विधी पुढील आठवड्यातील बुधवारी सकाळी. शोकाकुल, उदयसिंह, अभिमन्यू, वैजयंती. फोटो वरचाच घ्यावा.'

सोमवारपुढे तारीख होती. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रविवारी सोहळा, आणि ही तारीख त्याच्या दुसऱ्या दिवसाची. अजून यायची होती.

सवयीनं तिची नजर जागांच्या ठिपक्यांवर फिरली. लपवलेल्या मजकुरात ठिपकेच ठिपके होते, परिच्छेदाच्या आधी पाच, पूर्णविरामानंतर दोन. एरवी ती वैतागली असती. आज तिला त्याचं काही सुचलं नाही. तिनं मालकांना हाक मारली.

शिवयोगी मालक कागदाचे गठ्ठे मोजायचे सोडून आले. भस्म लावलेलं कपाळ, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी पडद्याकडे न बघताच निकाल दिला. "जुन्या कार्डावर नवीन टाकलं असंल की. आपण न्हाय का करत?"

ते खरं होतं. या धंद्यातलं ते जुनं पाप आहे. नवं कार्ड कोण कोऱ्यापासून करतंय! मागच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची, नावं बदलायची आणि दुसऱ्या नावानं ठेवून द्यायची. एकदा बाळीवेशीतल्या बारशाच्या कार्डावर आत्याबाईंच्या नावाआधी 'शोकाकुल' तसंच राहून गेलं होतं आणि मालकांना आठवडाभर त्या गल्लीतून जाता आलं नव्हतं.

"नावं बघा, मालक," वैदेही म्हणाली. "तारीख बघा."

मालकांनी नावं बघितली, तारीख बघितली. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला, जणू चष्म्याचीच चूक होती.

"बाई," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "आपण मॅटरवाले. कुणाच्या घरात काय शिजतंय ते आपल्याला नको. पुसून टाक आणि छाप."

पुसणं सोपं होतं. एक बटण. पण तिच्या डोळ्यांपुढून तो इस्त्रीचा शर्ट हलेना. हा माणूस वडलांच्या सोहळ्याचं कार्ड टाइप करता करता त्यांच्या मरणाचंही करून ठेवतो. नुसतं करून ठेवत नाही, दिवस ठरवून ठेवतो, वेळ ठरवून ठेवतो. फोटो वरचाच घ्यावा! तिला त्या वाक्याची सगळ्यात जास्त चीड आली. भावाबहिणींना बोलावून घेतलंय, माणसांत मिरवून घेणार, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारा झोपेतच गेला म्हणून सांगायला मोकळा. ऐंशीच्या माणसाला वृद्धापकाळानं मरण आलं, तर विचारतंय कोण? पोलिसांत जावं तर काय सांगायचं, फाइलमध्ये ठिपके दिसले म्हणून? वेड्यात काढतील. रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू सीरियली बघायचं बंद कर. ती सीरियली बघतच नव्हती.

बुधवारी दुपारी, उदयसिंह कचेरीत असणार अशी वेळ साधून, ती जुळे सोलापुरात त्यांच्या घरी गेली. पत्ता निमंत्रणातच होता. फोटो जरा धूसर आहे, दुसरा मिळेल का, एवढं निमित्त तिनं वाटेत रिक्षात घोकून ठेवलं. दार सुनेनं उघडलं. आप्पा पुढच्या खोलीत लाकडी आरामखुर्चीत बसले होते, शेजारी टेबलावर घरचा कॉम्प्युटर, आणि समोरच्या भिंतीवर हार घातलेला एका बाईचा फोटो. सून चहा टाकायला आत गेली.

"बस पोरी," आप्पा म्हणाले. ताठ बसलेला, काटक म्हातारा. डोळे स्वच्छ. मरणाला टेकलेला माणूस असा दिसत नाही, असं वैदेहीच्या मनात आलं. "फोटोसाठी एवढ्या उन्हाचं कशाला आलीस? उदयला सांगायचं की."

आता नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हणून तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. भगदाड, उलटा पी, ठिपक्यांची रेघ, सोमवारची पहाट, शोकाकुल तिन्ही नावं. सांगताना मध्येच ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

आप्पा ऐकत होते. त्यांची नजर समोरच्या फोटोवर होती आणि उजव्या हाताचा अंगठा खुर्चीच्या हातावर वाजत होता. टक टक टक टक टक. थांबायचा, आणि परत.

"उदयला बोललीस?" तिचं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं.

"नाही. म्हणून तर तुमच्याकडं आले."

"बरं केलंस." त्यांनी शेजारच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. "उलटा पी म्हणतीस व्हय त्याला. ते बटण ध्यानातच आलं न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "आता असं बघ. ज्यानं कुणी लिहिलं, त्यानं विचार केला असंल. नावं तीच, पत्ता तोच, फोटो तोच. माणसं रडत असताना ऐनवेळी कोण टाइप करत बसणार? सोय म्हणून करून ठेवलं असंल."

"सोय? आप्पा, तारीख आहे त्यात!"

"तारीखपण सोयीचीच हाय की." हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "ही गोदावरी. माझी बायको. गेली तवा सकाळपास्नं दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत ठिवली तिला. वैजूला कॅनडातनं इमान मिळंना. अभिमन्यूला रजा मिळंना. ठिवून ठिवून किती ठिवायचं? शेवटी उदयनं एकट्यानंच अग्नी दिला. अभिमन्यू आला तर राख गार झाल्याली. वैजू आली दहाव्याला. आईचं तोंड बघितलं न्हाय म्हणून अजून फोनवर रडती. मी इथं बसून ऐकतो."

चहा आला. सून समोर आहे म्हटल्यावर आप्पा एकदम फोटोबद्दल बोलायला लागले, हाच फोटो ठेव, गोदावरीनंच फेटा बांधलेला त्यात, असं काहीबाही. सून आत वळताच ते पुढं वाकले आणि त्यांनी वैदेहीचं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती.

"हे बघ पोरी. उदय माझा लेक हाय. माझं मी बघून घेतो. तू त्याला यातलं अवाक्षर सांगायचं न्हाय. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. म्हण."

"आप्पा, पण..."

"म्हण."

ती बोलली. तिला बोलावं लागलं. शपथ मोडली तर ती ज्याच्या गळ्याची घेतली त्याच्यावरच उलटते, हे तिच्या आजीनं तिला लहानपणीच भरवलेलं होतं आणि कॉम्प्युटर शिकून ते गेलेलं नव्हतं. रिक्षात बसल्यावर तिला वाटलं, एखादी गोष्ट आपण नीट बघितली नाही. काय, ते मात्र आठवेना.

गुरुवारी सकाळी उदयसिंहचा निरोप आला. 'आप्पांनी दोन ओळी वाढवल्यात. जुनी फाइल वापरू नका, ही नवीन घ्या.'

नवीन फाइल तिनं लगेच उघडली. भगदाड गेलं होतं. उलटा पी दाबला. ठिपक्यांची रेघ कुठंही नव्हती, लपवलेलं काही उरलं नव्हतं. म्हणजे म्हाताऱ्यानं लेकाला फैलावर घेतलं तर! वैदेहीला इतकं हलकं वाटलं की तिनं खालून दोन चहा मागवले आणि एक मालकांना दिला. "मिटलं, मालक." मालकांनी हात जोडून सिद्धेश्वराचं नाव घेतलं.

चहा पिता पिता तिनं वाढवलेल्या ओळी वाचल्या. निमंत्रणाच्या अगदी शेवटी होत्या.

'सर्व नातेवाइकांनी सोमवारपर्यंत मुक्कामाला थांबावे, ही आग्रहाची विनंती. परतीचे तिकीट त्याआधीचे काढू नये.'

बारशाला, लग्नाला लोक असं लिहितात. त्यात काही वावगं नव्हतं. तिनं पेला टेबलावर ठेवला आणि माउस हातात घेतला. उलटा पी अजून चालूच होता. आणि तिला ते दिसलं. पहिल्या ओळीच्या आधी पाच ठिपके. पूर्णविरामानंतर दोन.

तिनं मंगळवारची फाइल शेजारी उघडली. उदयसिंहनं टाइप केलेल्या निमंत्रणात परिच्छेद थेट सुरू होत होते, पूर्णविरामानंतर एकच ठिपका. आणि लपवलेल्या मजकुरात पाच, दोन. पाच, दोन. जुन्या टाइपरायटरच्या मशिनवर टायपिंग शिकलेल्या माणसाचा हात. मशिनला परिच्छेदाचं अंतर द्यायची सोय नसते. अंगठ्यानं पाच वेळा जागा मारायची आणि मगच परिच्छेद सुरू करायचा.

खुर्चीच्या हातावर वाजणारा अंगठा तिला आठवला.

ज्याला ती सावध करायला गेली होती, त्यानंच ते लिहिलं होतं. ते बटण ध्यानातच आलं न्हाय, असं तो तिच्या तोंडावर म्हणाला होता. तारीखपण सोयीचीच हाय, म्हणाला होता. सोमवारची पहाट त्यानं स्वतःच स्वतःसाठी ठरवली होती. तिघंही घरात असतील. कुणाला इमान शोधायला नको, कुणाला रजा मागायला नको, कुणाची वाट बघत मढं ठेवायला नको. आणि ही शहाणी उन्हातान्हाची जाऊन त्याला सांगून आली होती, की बाबा तुझं लपवलेलं दिसतंय, नीट लपव. त्यानं नीट लपवलं होतं. आता ते निमंत्रणाच्या ओळीत उघड्यावर होतं आणि कुणालाच दिसणार नव्हतं.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. एवढी वर्षं ठिपके वाचायची घमेंड, आणि ऐनवेळी तिनं शर्टाची इस्त्री वाचली होती.

सांगायला हवं होतं. आत्ताच्या आत्ता. पण मनगटावर अजून ती बोटं होती. अवाक्षर सांगायचं न्हाय, माझ्या गळ्याची शपथ. मोडली तर त्याच्यावर उलटायची, नाही मोडली तर सोमवार होताच. दुपारपर्यंत तिनं एका वास्तुशांतीच्या कार्डात तीनदा चूक केली. मग तिला धंद्यातलाच एक रस्ता सुचला. प्रूफ! छापायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रूफ वाचून त्यावर सही करावी लागते, म्हणजे नंतर भांडण नको. आपण काही सांगायचं नाही. नुसतं प्रूफ द्यायचं. वाचेल तो आपल्या डोळ्यांनी. मंगळवारच्या फाइलमध्ये तिनं लपवलेला मजकूरही छापायची खूण केली आणि एक पान काढलं. नवीन निमंत्रणाचं दुसरं काढलं. दोन्ही एकाखाली एक लावून टाचणी मारली.

उदयसिंह संध्याकाळी कचेरीतून परस्पर आला, घाईत. कागद हातात घेतला, लांब धरून फोटो पाहिला. "झकास. फेटा छान आलाय." आणि खिशातलं पेन काढून खाली कोपऱ्यात सही ठोकली.

सोलापुरात प्रूफ कुणी वाचत नाही. वैदेहीला हे माहीत होतं. इतकी वर्षं तिनं त्यावरून मालकांशी थट्टा केली होती, की लोकांना उद्या त्यांच्या फाशीचा हुकूम दिला तरी फोटो बघून सही करतील. आज तिला थट्टा सुचली नाही.

"वाचा," ती म्हणाली.

"अहो मीच लिहिलंय की ते."

"सगळं तुम्ही नाही लिहिलेलं. वाचा, साहेब. माझ्यासाठी वाचा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यानं कागद परत वर घेतला. ओठ हलवत वाचायला लागला. प्रार्थनीय आहेपर्यंत आला आणि पुढं ओठ थांबले. मान वर न करता म्हणाला, "हे कुणाच्या तरी दुसऱ्या कार्डातलं राहिलंय."

त्यानं पुन्हा वाचलं. स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, मग भावाच्या, मग बहिणीच्या.

"आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर..." तो म्हणाला आणि थांबला.

तिनं काही सांगितलं नाही. पडदा त्याच्याकडे फिरवला, दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या आणि माउसचा बाण आधी लपवलेल्या मजकुरापुढच्या पाच ठिपक्यांवर नेला, मग सोमवारच्या ओळीपुढच्या. तो बघत राहिला. त्याचा उजवा अंगठा नकळत टेबलाच्या कडेवर हलला, पाच वेळा.

"आप्पांची टायपिंगची शाळा होती," तो म्हणाला. "मशिनं विकली तरी... मला, अभ्याला, वैजूला, तिघांनाबी त्यांनीच शिकवलं. चुकलं की अंगठ्यावर पट्टी. मी कॉम्प्युटरवर ते सोडलं, आप्पांनी न्हाय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "महिनाभर मला विचारत होते, वैजूचं तिकीट पक्कं झालं का, अभ्याची रजा पक्की झाली का. मला वाटलं, म्हातारा हरखलाय."

इस्त्रीच्या शर्टासकट तो खुर्चीत मागं कोसळला. वैदेहीनं पाणी पुढं केलं. त्यानं घेतलं नाही. खिशातून फोन काढला आणि घरचा नंबर लावला. म्हातारी माणसं फोनवर ओरडून बोलतात तसा पलीकडून आवाज मोठा आला. माडीवर सगळ्यांना ऐकू आला.

"उदय? बघितलंस का प्रूफ?"

"बघितलं, आप्पा."

"बरं हाय न्हवं? सही करून टाक."

"आप्पा, वाचलं मी." त्यानं कागदावर हात ठेवला. "सगळं वाचलं. सोमवारचंपण वाचलं."

खाली रस्त्यावर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, कापडवाल्याचा नोकर शटर ओढत होता. फोनमधून काहीच येईना. वैदेहीनं डोळे मिटून घेतले. शपथ मोडली की नाही, याचा हिशेब तिचा तिलाच लागत नव्हता. मग फोनमधून एक बारीक आवाज आला. टक टक टक टक टक.

"फोन ठेवायचा न्हाय, आप्पा," उदयसिंह उठत म्हणाला. "बोलू नका वाटलं तर. नुसता कानाला धरून ठेवा. मी निघालोय."

तो जिन्याकडे गेला, अर्धा जिना उतरला आणि परत वर आला. फोन तसाच कानाला. दुसऱ्या हातानं त्यानं टेबलावरचा सही केलेला कागद ओढून घेतला आणि घडी घालून छातीशी खिशात ठेवला.

"ताई, त्या शेवटच्या ओळीतला सोमवार काढा. ती तिकिटाची ओळपण काढा. नुसतं मुक्कामाला थांबावं, एवढंच ठेवा. कुणी कुठं जायचं न्हाय."

तो गेला. खिडकीतून वैदेहीनं पाहिलं, त्याला एका हातानं स्कूटर स्टँडवरून काढता येईना. फोन खाली ठेवायला तो तयार नव्हता. शेवटी स्कूटर तिथंच टाकून त्यानं रिक्षाला हात केला.

ती टेबलाशी परत आली. मालक मागं येऊन उभे राहिले. तिनं 'सोमवारपर्यंत' निवडून पुसलं, तिकिटाची ओळ पुसली. उरलेली ओळ सरकून जवळ आली. सवयीनं तिचा हात सुरुवातीच्या पाच ठिपक्यांकडे गेला. परिच्छेदाला अंतर द्यायचं सोडून अशा जागा मारून ठेवणाऱ्यांचा तिला किती राग यायचा! तिनं हात मागं घेतला. ते पाच ठिपके तसेच ठेवून तिनं कार्ड छपाईला पाठवलं.